भिंतीवरचें आकाश

अमरावती-अकोल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत आतां दोन कॅलेंडरें दिसूं लागलीं आहेत. एक स्वयंपाकघराच्या दाराशीं. त्यावर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि एकादशीची खूण. दुसरें मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत. त्यावर काळ्या अवकाशांत तरंगणारीं यानें आणि कोणीं कधींहि न पाहिलेले ग्रह. हें दुसरें कॅलेंडर 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या भक्तांसाठीं छापलेलें असतें. पहिल्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. दुसऱ्यावर मात्र वडील मंडळींचा मोठा रोष आहे. तें परकें आहे, तें खोटें आहे आणि तें निरुपयोगी आहे, असे तीन आक्षेप त्यावर घेतले जातात. या आक्षेपांचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण त्यांत मुलांच्या हौसेपेक्षां वडिलांच्याच अज्ञानाचा प्रश्न अधिक गुंतलेला आहे.

ज्या मालिकेवरून हा वाद, ती ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत सुरू झाली आणि १९६९ च्या जूनमध्यें ७९ भागांनंतर बंद पडली. बंद पडल्यावर तिची लोकप्रियता वाढत गेली. १९७० च्या दशकांतच तिचीं कॅलेंडरें निघूं लागलीं, आणि चालू शतकाच्या आरंभापासून तर केवळ अवकाशनौकांच्या चित्रांचें एक स्वतंत्र कॅलेंडर दरसाल निघत आलें आहे. आपल्याकडे १९८० च्या दशकांत दूरदर्शननें ही मालिका दाखविली. म्हणजे आज जे बाप मुलांवर डोळे वटारतात, त्यांच्यापैकीं कांहींनीं तरी ती स्वतः डोळे विस्फारून पाहिलेली असली पाहिजे.

पहिला आक्षेप परकेपणाचा. परंतु भिंतीवरचें कॅलेंडर ही वस्तूच मुळीं आपली कोठें आहे? जानेवारी ते डिसेंबर ही चौकट आपली नव्हे. तिच्यावरील देवदेवतांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविणारा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला, तो जर्मन यंत्रांच्या आणि जर्मन कारागिरांच्या बळावर. त्या चित्रांतील लक्ष्मी-सरस्वती परक्या शाईंत रंगल्या म्हणून कोणाच्या देव्हाऱ्यांत परक्या ठरल्या नाहींत. अवकाशप्रवासाच्या कथेचें तरी तेंच आहे. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी 'केरळ कोकिळ' मासिकानें १९०० सालीं मराठी वाचकांपुढें ठेवली होती. ज्या भाषेनें सव्वाशें वर्षांपूर्वीं चंद्राची वाट मोकळ्या मनानें चोखाळली, तिच्या आजच्या अभिमान्यांनीं एका चित्रमय कॅलेंडरानें दचकावें, हें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप खोटेपणाचा. कल्पना खोटी असते हें खरें. पण ती निष्फळ असते हें खरें नव्हे. अमेरिकेनें आपलें पहिलें शटल यान बांधलें, तेव्हां त्याचें नांव 'कॉन्स्टिट्यूशन' ठेवावयाचें घाटत होतें. मालिकेच्या हजारों चाहत्यांनीं राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांस पत्रें पाठविलीं, आणि सप्टेंबर १९७६ मध्यें तें यान मालिकेंतील नौकेचें 'एंटरप्राइझ' हें नांव धारण करूनच बाहेर आलें. तें पुढें अवकाशांत कधीं गेलें नाहीं. १९७७ सालीं वातावरणांत उतरण्याच्या चांचण्यांपुरतेंच तें वापरलें गेलें. तरीहि पुढील यानांनीं सुखरूप कसें उतरावें, याची पहिली परीक्षा त्यानेंच दिली. आपल्याकडील दाखला हवा असेल तर डॉ. जयंत नारळीकरांचा घ्यावा. विश्वाच्या उत्पत्तीवर जगांत मान्यता पावलेला हा गणिती १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीं टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही कथा पाठवितो, याचा अर्थ कल्पित कथेला तो पोरखेळ मानीत नव्हता, एवढा तरी निःसंशय आहे.

राहिला तिसरा आक्षेप, निरुपयोगीपणाचा. त्या कॅलेंडरांत तिथि नाहीं, नक्षत्र नाहीं, सण नाहीं, म्हणून तें व्यर्थ. आम्ही आक्षेपकांस उलट विचारतों: तिथि म्हणजे काय, हें आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येईल? चंद्र सूर्यापुढें बारा अंश सरकला कीं एक तिथि होते. पंचांग म्हणजे आकाशाची वही आहे; ती आकाशाशीं जुळते कीं नाहीं, हें पाहण्यासाठींच शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं आयुष्य वेंचलें आणि १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकमान्य टिळकांसारख्या राजकारणांत बुडालेल्या पुरुषानेंहि पंचांगशुद्धीच्या वादांत वेळ घातला. गणित आणि डोळा यांची साक्ष एक असावी, हा त्या सगळ्या वादाचा मथितार्थ होता.

आज त्याचें काय उरलें आहे? १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांनीं 'कालनिर्णय' काढून भटजींच्या पोथींतलें पंचांग घराघराच्या भिंतीवर आणलें, ही मोठीच सोय झाली. परंतु सोय झाली म्हणजे समज आली असें नव्हे. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस. आपण तीळगूळ वाटतों १४ जानेवारीच्या सुमारास. हें तीन आठवड्यांहून अधिक अंतर कोठून आलें, हा प्रश्न शंभर घरांतून एका घरांत तरी निघतो काय? मेघनाद साहांच्या समितीनें घडविलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारनें स्वीकारली. तिचा आजचा महिना आणि दिवस कोणता, हें पंचांगाचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकीं कितीजण छापील कागद न पाहतां सांगतील? ज्यांचें स्वतःचें आकाश कागदावर वाळून गेलें आहे, त्यांनीं मुलांच्या कागदी आकाशाला हंसूं नये.

एवढें बोलून आम्ही तरुण मंडळींना मोकळें सोडणार नाहीं. त्यांच्या मालिकेंत काळ मोजण्याची जी पद्धति आहे, ती कोणत्याहि खऱ्या तारखेशीं जुळूं नये अशा हेतूनेंच रचलेली आहे. नाटकापुरती ती युक्ति ठीक. पण वर्षभर दृष्टीसमोर असणारें आकाश जर कोणत्याच गांवचें नसेल, तर पाहणारा खिडकी उघडीत नाहीं. मालिकेंतील प्रत्येक नौकेचें नांव बिनचूक सांगणाऱ्या मुलास गच्चीवर नेऊन रोहिणी आणि कृत्तिका दाखवावयास सांगा. पुष्कळदां तो खालीं पाहतो. वऱ्हाडांतला शेतकरी ७-८ जूनच्या सुमारास मृग लागला कीं कपाशीच्या पेरणीचा विचार करूं लागतो. त्या वेळीं सूर्यच मृगांत असल्यामुळें तें नक्षत्र दिसत नाहीं, तरी त्याच्या हिशेबांत तें असतें. आणि आपल्या शेजारीं, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणार आहे. अवकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत पडलेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर. अशा खडकांतील अशीं विवरें पृथ्वीवर फार थोडीं. १८२३ सालीं अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली, २०२० सालीं त्यास रामसर यादींत स्थान मिळालें. बारा काल्पनिक ग्रहांसाठीं पैसे मोजणाऱ्यांनीं हा एक खरा आघात पाहिलेला नसावा, याचें आम्हांस वाईट वाटतें.

तथापि मुख्य अपराध मुलांचा नव्हे, आमचा सुशिक्षितांचा आहे. त्यांना दुसरें कांहीं आपण दिलेंच नाहीं. दरवर्षीं बँका, पतसंस्था, दुकानें आणि शिक्षणसंस्था कॅलेंडरें फुकट वांटतात. त्यांवर बहुधा अध्यक्षांची छबी अथवा इमारतीचें चित्र. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले; शोकसभा झाल्या, लेख निघाले. त्यांच्या कथांतील एकाहि प्रसंगाचें चित्र असलेलें मराठी कॅलेंडर आमच्या पाहण्यांत नाहीं. १९९८ सालीं दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' लागे, आणि तो व्योम मिलिंद सोमण या मराठी नटानेंच उभा केला होता. त्याचेंहि चित्र कोणाच्या भिंतीवर आम्हीं पाहिलें नाहीं. मग रिकाम्या खिळ्यावर परक्यांचें यान टांगलें गेलें, तर दोष खिळ्याचा कीं घरमालकाचा?

अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांनीं मिळून असें एक कॅलेंडर काढावें, ही आमची मागणी आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनीं चित्रें काढावीं, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं गणित करावें. एका पानावर लोणारचा आघात असावा. एकावर 'केरळ कोकिळां'तील चंद्रप्रवास. एकावर व्यंकटेश बापूजी केतकर, ज्यांनीं नेपच्यूनपलीकडे आणखी ग्रह असावेत असें गणित १९११ सालीं एका फ्रेंच नियतकालिकांत छापलें. १९३० सालीं प्लूटो सांपडला, तो त्या गणिताशीं योगायोगानेंच जुळला असें मानलें तरी तें धाडस चित्रास योग्यच आहे. मे महिन्याच्या पानावर शून्य सावलीचा दिवस ठळक छापावा. तो या दोन्ही शहरीं मेच्या चौथ्या आठवड्यांत येतो आणि दुपारीं उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. जुलैंत तो पुन्हां येतो, पण तेव्हां ढग आडवे येतात. तिथि आणि सणहि असावेतच, मात्र त्यांच्याशेजारीं त्या रात्रीं चंद्र कोठें दिसेल, हें लिहिलेलें असावें.

यास अध्यक्षांच्या छबीपेक्षां अधिक खर्च येणार नाहीं. असें कॅलेंडर निघाल्यावर जो विद्यार्थी तरीहि परकी अवकाशनौकाच टांगील, त्याला आम्ही खुशाल बोल लावूं. तोंवर त्याला बोलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि त्याच्या वडिलांस तर मुळींच नाहीं.