भुयार खाली, पण भार डोंगरावर



सूर्याची आणि वाऱ्याची वीज आपल्याला हवी तेव्हाच मिळेल असं नसतं. म्हणून ती साठवायची एक रीत आहे. वीज जास्त असेल तेव्हा हवा दाबून जमिनीखालच्या भुयारात भरायची, वीज कमी पडली की तीच हवा सोडून यंत्र फिरवायचं. जर्मनीत हुंटॉर्फला 1978 साली आणि अमेरिकेत अलाबामा राज्यात 1991 साली असे प्रकल्प सुरू झाले. दोन्हीकडे भुयारं मिठाच्या थरात आहेत. मीठ नाही तिथे टणक कातळ पोखरून आतून काँक्रीट आणि पोलादी पत्र्याचं अस्तर लावायचं, असा विचार चालू आहे. सह्याद्रीत मीठ नाही, कातळच आहे. उद्या हा विचार आपल्या दारात आला तर काय विचारायचं, ते आजच ठरवू.

जमिनीखालच्या कामात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काम खाली आहे, वर तुमचं काहीच जात नाही." आम्हाला हे मान्य नाही. ते खोडायला भाषण नको, इंजिनियरांचा हिशेबच पुरे.

आता बघा. ट्रकच्या टायरात हवेचा दाब साधारण 8 बार असतो. हुंटॉर्फच्या भुयारात तो 43 ते 70 बार. अस्तराचा पत्रा एवढा दाब पेलत नाही, तो फक्त हवा गळू देत नाही. काँक्रीट तो दाब मागे ढकलतं, आणि पेलतो तो कातळ. 100 मीटर जाडीच्या कातळाचं वजन साधारण 27 बार दाबाला पुरतं. बाकी सगळं कातळाच्या अंगच्या ताकदीवर. स्वीडनमध्ये स्कालेन इथे गॅससाठी असं अस्तराचं भुयार केलं. वर कातळ 115 मीटर, दाब 200 बारपर्यंत. म्हणजे हे होऊ शकतं, आम्ही नाकारत नाही. पण कातळ एकसंध असेल तरच.

आपला कातळ म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. मध्ये कुठे तांबड्या मातीचे पट्टे, कुठे उभ्या भेगा, भेगांत पाणी. त्याच पाण्यावर आपले झरे. कोयनेची आणि घाटघरची वीजघरं याच कातळात कोरली हे खरं. पण तिथे मुख्य काळजी छत आत ढासळू नये ही. हवेच्या भुयारात कातळाला आतून बाहेर रेटा बसतो, आणि तो रोज चढतो, रोज उतरतो. सायकलचा पंप मारताना तापतो, तशी हवा भरताना तापते आणि सोडताना गार पडते. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते. अस्तराच्या काँक्रीटलाही असेच तडे जाऊ शकतात. शिवाय अस्तरामागचं पाणी नळ्यांनी काढून द्यावं लागतं. मग झरा कुणाचा आटणार?

ज्या डोंगराच्या भारावर भुयार टिकतं, तो डोंगर त्या यंत्राचाच भाग आहे. उद्या वर विहीर खणायला, बोअर मारायला मनाई झाली, तर जमीन नावाला आपली राहील. 'वरची जमीन मोकळी' हे फक्त कागदावर.

वन संवर्धन कायद्यात 2023 साली बदल झाला. सर्वेक्षण आणि शोधकाम हा जंगलाचा वेगळा वापर धरायचा नाही, असं केंद्र सरकार आता आदेश काढून ठरवू शकतं. म्हणजे बोअरची गाडी आधी, विचारणा मागून. पण वनहक्क कायदा 2006 चं कलम 5 आपल्या हातात आहे. जंगल आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ते ग्रामसभेला देतं.

म्हणून आमच्या मागण्या :

1) पहिलं बोअर मारायच्या आधी ग्रामसभेची मंजुरी.

2) किती खोल, किती दाब, भेगा कुठे, कातळावर ताण किती, हा सगळा हिशेब मराठीत लिहून द्या आणि ग्रामसभेत आपल्या बोलीत समजावून सांगा.

3) भुयारावरची सगळी जमीन प्रकल्पात मोजा. तिच्यावरचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे आधी निकाली काढा.

4) झरे आणि विहिरींचं पाणी कामाआधी वर्षभर मोजा. नोंदवही गावाकडे राहील.

कातळाचा ताण मोजणाऱ्यांशी आमचं भांडण नाही. उलट, नीट मोजा आणि आम्हाला दाखवा. हिशेब न दाखवता कुणी सही मागितली, तर अंगठासुद्धा द्यायचा नाय.