आन दे, आन दे!

या दिवाळीत लालबर्र्याला गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो असताना काकांनी विचारलं, "बाबू, तू नेमकं करते काय रे तिथं पुण्यात?"

हा प्रश्न मला बीई झाल्यापासून दर दिवाळीला येतो आणि दरवेळी मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणून वेळ मारून नेतो. पण यंदा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं. गेली काही वर्षं मी ट्रक ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि काका चाळीस वर्षांहून जास्त काळ ट्रकवर आहेत. एवढी गाठ पडूनही आम्ही दोघं या विषयावर कधी बोललो नव्हतो, हे मला त्याच क्षणी लक्षात आलं.

फोन काढला आणि डेमो खात्यातला नकाशा दाखवला. हिरवा ठिपका म्हणजे चालू गाडी, लाल म्हणजे उभी.

"अन् हे लाल गाडीवरची घंटी काय होय?"

"गाडी अर्ध्या तासाच्या वर उभी राहिली की मालकाला मेसेज जातो, काका."

"हे कोणं बनवलं?"

"मी."

काका काही बोलले नाहीत. चकलीचा तुकडा मोडला, खाल्ला. मग म्हणाले, "चांगलं हाय. मालकाच्या कामाचं हाय."

थोड्या वेळानं स्वतःच सांगायला लागले. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तांदूळ भरून मुंबईला निघाले होते. जालन्याच्या पुढे रात्री दोनला डोळे मिटायला लागले म्हणून गाडी बाजूला घेतली. पाऊण तासात मालकाचा फोन. थांबला कायले? काका म्हणाले, झोप येऊन राह्यली. तिकडून उत्तर आलं, पोचून झोप. काका निघाले. तासाभरानं गाडी दुभाजकाला घासत गेली. नशीब की पत्राच फाटला. घरी हे कोणालाच माहीत नव्हतं, काकूलाही नाही.

ते ॲप आमच्या कंपनीचं नव्हतं. पण नियम तोच, अर्ध्या तासाचा. मी तो एका शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा ओळींत लिहून टाकला होता. तीसच मिनिटं का, असं कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. पुढे शोधलं तेव्हा कळलं की नोव्हेंबर 2025 पर्यंत 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू होता. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. म्हणजे कायद्यानं जी कमीत कमी विश्रांती दिली, ती संपताक्षणी माझी घंटी वाजते!

काका 1980 च्या सुमारास सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले. तेव्हा टाटाच्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला अख्खं अंग लावावं लागे, पॉवर स्टिअरिंग नव्हतं. केबिन कारखान्यातून येत नसे. चेसिस यायची आणि लाकूड-पत्र्याची केबिन गावातला किंवा शहरातला मिस्त्री बांधायचा. इंजिन पायाशीच, त्यामुळे मे महिन्यात आत बसणं म्हणजे भट्टी. (1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले, "मी घरी बसाच्या वक्ताले थंडी हवा आली पाहा.") मुंबईचा फेरा म्हणजे जायलाच चार दिवस. बरघाट, सिवनी, कुरईचा घाट, खवाशाचा नाका, मग नागपूर आणि पुढे अमरावती-अकोला-धुळे-नाशिक. नाक्यावर रांगेत पूर्ण रात्र जायची. त्या रांगेला काका शिव्या देतात, पण रांगेत झोप मिळायची हेही तेच सांगतात. गाडीखाली दरी टाकून क्लीनर झोपायचा, वर सीटवर उस्ताद. स्टोव्हवर भात व्हायचा. घरचा निरोप उलट दिशेनं येणाऱ्या गावच्या गाडीवाल्याकडून. गाडी कुठे आहे हे मालकाला तीन-तीन दिवस कळत नसे.

मग एकेक करून सगळं सुटलं. नागपूरची जकात 2013 मध्ये गेली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके बंद झाले, मुंबईची जकातही त्याच दिवशी. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा. कुरईला चौपदरी रस्ता झाला. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा उघडला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटर. चार दिवसांचं काम दीड दिवसावर आलं. मी हे ऐकताना मनात म्हणत होतो, वा, किती वेळ वाचला. काकांचा हिशोब वेगळा होता. वाचलेला वेळ त्यांना मिळालाच नाही, तिथे पुढचा फेरा बसला. आणि समृद्धीवर गाडी एका सरळ रेषेत तासन्‌तास चालते, ना गाव, ना चौक, ना चहाची टपरी. डोळ्याला काम नसलं की पेंग येते. मुख्य म्हणजे बाजूला बोलायला कोणी नाही.

कारण क्लीनर गेला. गाड्या मोठ्या झाल्या, बारा चाकी, चौदा चाकी, आणि माणूस एकच उरला. क्लीनर फक्त काच पुसायचा नाही. ताडपत्री आवळायचा, टायर ठोकून हवा ओळखायचा, घाटात चाकाखाली ठोकळा लावायचा, मागे घेताना बाहेर उभा राहून ओरडायचा. रात्री उस्तादाला बोलतं ठेवायचा. आणि पाच-सात वर्षांनी त्याच सीटवरून ड्रायव्हर व्हायचा. काका असेच झाले. आता सगळे मालक म्हणतात ड्रायव्हर मिळत नाहीत. कुठून मिळतील? शिकायची जागाच पगार वाचवायला काढून टाकली. माझा चुलतभाऊ आयटीआय करतो आहे, त्याला ट्रकचं नावही नको, आणि काकाही त्याला आग्रह करत नाहीत.

पुण्याला परत आल्यावर मी मीटिंगमध्ये विषय काढला. रात्री बारा ते पाच उभ्या गाडीची घंटी वाजू नये आणि ड्रायव्हरला 'विश्रांती' असं नोंदवता यावं. पहिला प्रश्न आला, ग्राहक कोण आहे? मालक. ड्रायव्हर आपल्याला पैसे देत नाही. बरीच घासाघीस झाल्यावर सोय झाली, पण ती मालकानं सेटिंगमध्ये जाऊन चालू केली तरच. आतापर्यंत मोजक्याच लोकांनी केली आहे. मी अधूनमधून आकडा पाहतो.

भाऊबीज झाल्यावर काका गाडी घेऊन निघाले तेव्हा मी सिवनीपर्यंत त्यांच्यासोबत गेलो होतो. क्लीनरच्या सीटवर पाण्याची कॅन आणि कपड्यांची पिशवी होती, ती मांडीवर घेऊन बसलो. बरघाटच्या अलीकडे डिझेल भरल्यावर गाडी मागे घ्यायची होती. काका आरशात पाहत होते. मी उतरलो, मागे जाऊन उभा राहिलो आणि हात हलवत म्हणालो, "आन दे, आन दे."

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जोरानं बोल ना बे, ऐकू नाही येत!"