नवागताची पहिली चांदमारी

एखाद्या देशाच्या सैन्याने आपल्या शिपायाच्या हाती ज्या बनावटीची रायफल दिली, त्याच बनावटीची रायफल, तिच्या बाह्य स्वरूपात फारसा फेरफार न करता, स्पर्धेच्या मैदानावर चालविणे याला सर्व्हिस रायफल नेमबाजी म्हणतात; आणि हा प्रकार आज सामान्य नागरिकांच्या हातून मोठ्या जोमाने चालविला जातो तो अमेरिकेत. आमच्या वाचकांत एअर रायफल व स्मॉलबोअर या दोन प्रकारांत तयार झालेले नेमबाज आणि त्यांचे प्रशिक्षक यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी काहींचे, किंवा त्यांच्या मुलामुलींचे, वास्तव्य आता शिक्षण अथवा नोकरीच्या निमित्ताने त्या देशात असते. अशा मंडळींनी या खेळात पाऊल टाकावयाचे ठरविले की त्यांचा पहिला प्रश्न असतो तो कोणती रायफल विकत घ्यावी हा. आणि अनुभवी म्हणविणारे लोकही त्याचे उत्तर म्हणून सामानाची लांबलचक यादी देतात. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. नवागताने आपला पहिला हंगाम उसन्या रायफलीवर, बट्समध्ये, म्हणजे लक्ष्यांखालच्या खंदकात, लक्ष्ये ओढीत, आणि हातात एक नोंदवही घेऊन काढावा, आणि ज्यांची रायफल उसनी घ्यावयाची त्या जुन्या नेमबाजांनी ती विनासंकोच द्यावी, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

या आग्रहाला त्या खेळाच्या इतिहासाचाच आधार आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात आपल्या सैनिकांचा नेम किती कच्चा होता हे प्रत्यक्ष पाहिलेल्या विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ साली न्यूयॉर्क येथे राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना केली. पुढे १९०३ साली, थिओडोर रूझवेल्ट हे राष्ट्राध्यक्ष असताना, रायफलच्या सरावास उत्तेजन देण्यासाठी सरकारने एक राष्ट्रीय मंडळ नेमले आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतील सी गर्ट येथे पहिले राष्ट्रीय सामने भरले. १९०७ सालापासून हे सामने ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या कॅम्प पेरी या विस्तीर्ण मैदानावर भरू लागले. युद्ध उभे राहिल्यावर नागरिकाला नेम शिकवीत बसण्यापेक्षा शांततेच्या काळातच त्याला शिकवून ठेवावे, हे या सर्व खटाटोपामागील सूत्र होते. त्यामुळे शिकविणे हे त्या सामन्यांचे आरंभापासूनच एक अंग बनले. १९१८ साली कॅम्प पेरी येथे सुरू झालेल्या प्रशिक्षणवर्गाची परंपरा आजही चालू आहे, आणि तेथे रायफल व दारूगोळा नवागताला वर्गातच पुरविला जातो व लष्कराच्या खास नेमबाजी पथकातील कसलेले जवान त्याच्या शेजारी बसून त्याला स्थिती शिकवितात. ही सर्व व्यवस्था १९९६ सालापासून सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या स्वायत्त संस्थेच्या हाती आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जेथे नवागताला रायफल देऊन शिकविण्याचा शिरस्ता आहे, तेथे त्याने आधी दुकान गाठावे असे म्हणणे म्हणजे त्या खेळाची मूळ तजवीजच विसरणे होय.

तरीही रायफलविषयी चार शब्द सांगणे प्राप्त आहे. प्रथम १९०३ ची स्प्रिंगफील्ड, मग एम-वन गॅरंड, त्यानंतर एम-१४ आणि आता एम-१६ च्या घराण्यातील एआर-१५ असा या खेळातील रायफलींचा वंश आहे. सध्याच्या नियमांप्रमाणे चापाचे वजन साडेचार पौंडांहून कमी असता कामा नये. २०१६ सालापासून साडेचार पटींपर्यंतची दुर्बीण रायफलीवर बसविण्याची मुभा मिळाली, आणि पुढच्या साइटचा खांब व दूरचे काळे वर्तुळ एकाच वेळी स्पष्ट दिसेनासे झालेली चाळिशीपुढची किती तरी मंडळी त्यामुळे मैदानावर परतली. या नियमाविरुद्ध जुन्या लोकांनी काढलेला सूर आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या डोळ्यांनी साथ सोडली त्याला खेळाबाहेर घालविणारी निष्ठा आम्हांस मान्य नाही. वाचकांपैकी जे व्हिसावर तेथे राहतात त्यांना मात्र एक गोष्ट बजावून सांगणे आवश्यक आहे. तेथील संघीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी व्यक्तीला, काही विशिष्ट अपवाद वगळता, बंदूक व काडतुसे बाळगण्याची मनाई आहे, आणि उसनी रायफल हाती धरणे हेसुद्धा त्या मनाईत येऊ शकते; कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा क्लबात पाऊल टाकण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता प्रत्यक्ष सामन्याकडे वळू. मुख्य सामना पन्नास गोळ्यांचा, म्हणून पाचशे गुणांचा. पहिल्या दहा गोळ्या दोनशे यार्डांवरून उभ्याने, दहा मिनिटांत. दुसऱ्या दहा त्याच अंतरावरून बसून अथवा गुडघा टेकून, साठ सेकंदांत. तिसऱ्या दहा तीनशे यार्डांवरून पालथे पडून, सत्तर सेकंदांत. आणि शेवटच्या वीस गोळ्या सहाशे यार्डांवरून पालथे पडूनच, वीस मिनिटांत. जलद गोळीबारात मॅगझिनमध्ये आधी दोन आणि मग आठ अशी काडतुसे भरावी लागतात, व मध्ये मॅगझिन बदलावे लागते. गॅरंड रायफलीच्या क्लिपमध्ये आठच काडतुसे मावत, त्या काळाची ही खूण आहे. रायफल बदलली तरी नियमाने ती जपून ठेवली.

उभ्या स्थितीत स्लिंगचा आधार घेण्याची परवानगी नाही. दोनशे यार्डांवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ सात इंच व्यासाचे असते, आणि आपल्या एअर रायफलच्या नेमबाजाला हे ऐकून हायसे वाटते. परंतु रायफलीचे वजन, उघड्या मैदानावरील वारा आणि धक्का यांची गाठ पडली म्हणजे त्याला आपली स्थिती पायांपासून पुन्हा उभारावी लागते. येथे मात्र आपल्याकडील शिक्षण त्याच्या फार उपयोगी पडते, असे आमचे निरीक्षण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळविले ते गुडघा टेकून, पालथे पडून व उभे राहून अशा तीन स्थितींच्या बळावर. आणि त्या स्थितींचे जे व्याकरण, म्हणजे हाडांनी भार पेलणे, स्नायू सैल सोडणे आणि डोळे मिटून पुन्हा उघडले असता रायफल आपोआप लक्ष्यावरच असणे, ते सर्व्हिस रायफललाही जसेच्या तसे लागू पडते. डोळे उघडल्यावर नळी डावीकडे गेलेली दिसली, तर हाताने ती उजवीकडे ढकलू नये. उभ्याने पाऊल हलवावे, पालथे असल्यास पोट व कंबर हलवावी. जलद गोळीबारात दहापैकी सात गोळ्या एकाच बाजूला गेलेल्या दिसतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा या एका कसुरीत असते, आणि नवागत मात्र दोष साइटला देतो.

सहाशे यार्डांची कथा निराळी. येथे दहा गुणांचे वर्तुळ बारा इंचांचे, आणि ताशी दहा मैल वेगाचा आडवा वारा ५.५६ च्या गोळीला अडीच-तीन फूट बाजूला ढकलतो. म्हणजे नेम निर्दोष असूनही वाऱ्याचे गणित चुकले की गोळी काळ्या वर्तुळाबाहेर जाऊ शकते. म्हणूनच या अंतरावर पुष्कळ नेमबाज ऐंशी ग्रेनची लांबट गोळी वापरतात. तिची लांबी मॅगझिनमध्ये मावत नाही, पण येथे एकेक काडतूस हातानेच भरावयाचे असल्यामुळे त्याची अडचण होत नाही. वारा वाचण्याची मुख्य साधने दोन, निशाणे आणि मृगजळ. दुर्बीण लक्ष्यावर स्थिर करून मग तिचा फोकस किंचित अलीकडे आणला म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवा लाटांसारखी वाहताना दिसू लागते. ती ज्या दिशेने वाहते तिकडे वारा आहे, आणि ती सरळ वर उकळताना दिसली तर वारा एक तर पडला आहे अथवा दिशा बदलण्याच्या बेतात आहे. अशा क्षणी चाप ओढू नये, थांबावे. वीस मिनिटांत वीस गोळ्या ही मुदत पुरेशी उदार आहे. नवागत ती बारा मिनिटांतच संपवितो आणि उरलेला वेळ आपल्या गुणांकडे पाहत काढतो.

परंतु हे सर्व ज्या जागी सर्वांत चांगले शिकता येते ती जागा म्हणजे बट्स. या खेळात स्पर्धकच आळीपाळीने लक्ष्यांखालच्या खंदकात उतरतात व एकमेकांच्या लक्ष्यांची देखभाल करतात. डोक्यावरून गोळी जाते तिचा चाबकासारखा कडाडा होतो, लगेच आपण चौकट खाली ओढावयाची, भोक शोधावयाचे, त्यात खुणेची चकती खोवावयाची, भोक काळ्यात असेल तर चकतीची पांढरी बाजू व पांढऱ्यात असेल तर काळी बाजू पुढे करावयाची, चौकटीच्या कडेला गुण दर्शविणारी दुसरी चकती ठरलेल्या जागी अडकवावयाची, आधीच्या भोकावर कागदाची चिकटपट्टी लावावयाची आणि चौकट पुन्हा वर चढवावयाची. आणि हे सर्व इतक्या तत्परतेने की वरच्या नेमबाजाचा वारा बदलण्यापूर्वी त्याला आपली गोळी कोठे लागली हे कळावे. जो नवागत एक दिवस मनापासून हे काम करतो त्याला काही सांगावे लागत नाही. कसलेल्या नेमबाजाच्या वीस गोळ्या एकामागून एक कागदावर उतरताना तो हाताच्या अंतरावरून पाहतो. वारा वाढला तेव्हा सारा गट किती सरकला, आणि पुढच्याच गोळीला तो नेमबाज परत मध्यावर कसा आला, हे त्याला भोकांवरून वाचता येऊ लागते. अलाबामातील टॅलाडेगा येथे व अन्यत्र आता विद्युत्-लक्ष्ये आली आहेत, त्यांनी वेळ वाचतो आणि वृद्धांचे श्रम वाचतात, ही गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तथापि ज्याला पहिल्याच वर्षी शिकावयाचे आहे त्याने खंदक असलेला क्लब शोधावा, असाच आमचा सल्ला राहील.

नोंदवहीविषयी आम्ही या स्तंभातून पूर्वीही लिहिले आहे, पण येथे तिचे महत्त्व दुप्पट आहे. तारीख, मैदान, प्रकाश, वाऱ्याची दिशा व अंदाजे वेग, साइटचे क्लिक, काडतुसाचा प्रकार, आणि प्रत्येक गोळीसाठी दोन खुणा: चाप सुटला त्या क्षणी साइट कोठे होती ती एक, आणि गोळी प्रत्यक्ष कोठे लागली ती दुसरी. या दोन खुणा एकमेकींशी जुळत असतील आणि गोळी मध्यात नसेल, तर दोष नेमबाजाच्या हातात आहे. त्या जुळत नसतील, तर वाऱ्याचा अथवा झिरोचा हिशेब चुकला आहे. एवढे एक निदान स्वतःचे स्वतः करता आले की प्रशिक्षकाची निम्मी गरज संपते, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तो अधिक उपयोगी पडतो. डिस्टिंग्विश्ड रायफलमन हा मानाचा बिल्ला, ज्याची परंपरा १८८४ पर्यंत मागे जाते, तो मिळविण्यास तीस गुण साठवावे लागतात. पात्रतेच्या सामन्यात, ज्यांना तो बिल्ला अद्याप मिळालेला नाही अशा स्पर्धकांपैकी वरच्या दहा टक्क्यांनाच हे गुण लाभतात, तेही दहा, आठ किंवा सहा. यास कित्येकांना अनेक वर्षे लागतात, आणि इतक्या वर्षांचा हिशेब स्मरणशक्तीवर ठेवता येत नाही.

भारतात हा प्रकार नागरिकांना खुला नाही, हे आमचे वाचक जाणतातच. .३०३ अथवा ७.६२ ही सैनिकी बोअर प्रतिबंधित असल्याने सामान्य परवान्यावर ती मिळत नाही, ईशापूरच्या कारखान्याने .३१५ बोअरची रायफल बनविली ती याच कारणाने. सर्व्हिस रायफल आपल्याकडे लष्कर, निमलष्करी दले व पोलीस यांच्या चांदमारीपुरती राहिली आहे. परंतु १९५१ साली ज्यांनी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षपद भूषविले, ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे स्वतः शिपाईपेशाचे नव्हते, वकील होते. नागरिकाने नेम शिकावा ही इच्छा आपल्या संघटनेच्याही जन्मापासून तिच्याबरोबर आहे, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही नवे नेमबाज राष्ट्रीय मैदानावर येतात. तेव्हा छात्रसेनेचे व पोलिसांचे जे प्रशिक्षक हे मासिक वाचतात त्यांनी बट्समधील काम शिक्षा म्हणून न देता शिक्षण म्हणून द्यावे, आणि गोळीबारानंतर लक्ष्य उतरवून फेकण्यापूर्वी प्रत्येक छात्राला त्याच्या समोर दोन मिनिटे उभे करावे.

अमेरिकेतील आमच्या ज्येष्ठ वाचकांकडे एक मागणे आहे. आपल्या क्लबाच्या प्रत्येक सामन्याला एक जादा रायफल, एक जादा जॅकेट आणि नवागतापुरती पन्नास काडतुसे बरोबर न्यावीत, आणि कायद्याने ज्याला ती हाती देता येतात अशा एका नव्या माणसाला आपल्या शेजारच्या जागेवर बसवावे. पहिल्या हंगामातील नोंदवहीची पाने जे वाचक आमच्याकडे पाठवितील, त्यांची ती पाने, नाव न छापता, आमच्या प्रशिक्षकांच्या टिपणांसह आम्ही पुढील अंकांत प्रसिद्ध करू.