जुनी बंदूक दुरुस्त करा, आखूड करू नका

धान निसवायला लागलं की नागभीड, सिंदेवाही, वडसा या पट्ट्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आजोबांची बारा बोअरची बंदूक घरात पडून आहे, गावाभोवती वाघ-बिबट्याची ये-जा वाढली आहे. ती बंदूक घराच्या राखणीसाठी सुधारून घेता येईल का? भीती खरी आहे, म्हणून उत्तर स्पष्ट हवं. बंदूक दुरुस्त जरूर करून घ्या, पण तिच्यात बदल करू नका. आणि घराची राखण तिच्यावर सोपवू नका.

पहिली गोष्ट परवान्याची. आजोबांचा परवाना आजोबांबरोबर संपतो. वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. तोवर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं हाच सुरक्षित मार्ग.

आपल्याकडे बहुतेक घरांत एकनळी किंवा दुनळी असते. पंप-ॲक्शन क्वचितच, आणि असलीच तर बहुधा परदेशी. सामान्य परवानाधारकासाठी आयात 1980 च्या दशकातच बंद झाली, म्हणजे अशी बंदूक आज किमान पस्तीस-चाळीस वर्षांची. तिची नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं चढतं. विंचेस्टर मॉडेल 12 किंवा इथाका 37 च्या जुन्या बंदुकांत चाप दाबलेला ठेवून मूठ पुढे ढकलली तर त्याच क्षणी बार उडतो. घाबरलेल्या माणसाच्या हातात, अंधाऱ्या घरात, लेकरं शेजारी झोपलेली असताना याचा अर्थ काय होतो, हे ज्याचं त्याने समजून घ्यावं. जुन्या विलायती दुनळीत काडतुसाचं घर अनेकदा अडीच इंचांचं असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब वाढतो. म्हणून नळीचा गंज, स्प्रिंगा, दस्त्याची चीर आणि काडतुसाचं घर परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या. गावातला लोहार कितीही हुशार असला तरी परवान्याविना बंदूक दुरुस्त करणं शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 खाली गुन्हा आहे.

मोबाइलवर दिसणाऱ्या अमेरिकी चित्रफितींत घरासाठी अठरा इंची नळीची शिफारस असते. भारतात वीस इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्याची बंदूक निषिद्ध वर्गात मोडते. परवान्याविना नळी कापली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची कैद आहे. तिकडचा सल्ला इकडे तुरुंगात नेतो.

समजा, कायद्यात बसणारी उत्तम बंदूक घरात आहे. तरीही आपल्या भागातले वाघाचे बहुतेक बळी घरात गेलेले नाहीत. ते तेंदू तोडताना, मोहफुलं वेचताना, गुरं चारताना, धुऱ्यावर काम करताना गेले. तेरा जणांचा जीव घेणारा सीटी-1 वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा परिसरात पकडला गेला तो बेशुद्धीच्या इंजेक्शनाने. छऱ्यांनी वाघ मरत नाही, जायबंदी होतो, आणि जायबंदी वाघ माणसावर उलटू शकतो. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे सुळे जुन्या गोळीने तुटले होते, हे तिला मारणारे शिकारी जिम कॉर्बेट यांनी नोंदवून ठेवलं आहे. जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 चं कलम 11 गुन्हा मानत नाही, पण शिकारीला निघालेल्याला ही सवलत नाही. शिवाय निवडणूक लागली की अनेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. वाघाला आचारसंहिता नसते.

पण मग पीक राखायला शेतकऱ्याने करायचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि इथे सरकारने उत्तर दिलं पाहिजे. एटापल्ली, भामरागडकडे घराघरांतल्या भरमार (ठासणीच्या) बंदुका जमा करण्याचं आवाहन पोलीस करतात; ते योग्यच आहे. पण त्याच शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरत नसेल तर दुसरी देण्याचीही आहे. बंदूक जमा करणाऱ्या शेतकऱ्याला ही वाट कुणी समजावून सांगतं का? रानडुकरांनी धान लोळवल्यावर त्याच्या अर्जावर ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार मिळायलाच हवा. निर्णय लांबला की शेतात जिवंत विजेची तार येते, आणि तिला वाघ, गाय, माणूस हा भेद कळत नाही.

घरासाठी खरी मजबुती वेगळीच आहे. रात्री बाहेर जावं लागू नये असं पाणी असलेलं शौचालय, सांदवाडीतला दिवा, घराभोवतीची झुडपं साफ, शेळ्यांना पक्कं दार असलेला गोठा. बिबट्या कुत्र्या-शेळ्यांमागे दारापर्यंत येतो; त्याचं येणं इथेच अडतं. पिकासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपण मिळतं, ते दहा जणांच्या शेतांना मिळून घेतलं तर टिकतं. येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव करा, त्याची पोच घ्या, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तारखेनिशी उत्तर मागा. बंदुकीवर खर्च करायला काढलेले पैसे आधी गोठ्याच्या दाराला लावा.