थकलो आपण, बंदी त्यांच्यावर?

सप्टेंबरात झिरोला होतो. अरुणाचलातलं हे खोरं, इथे आपातानी लोक भातखाचरातच मासे पाळतात. 2012 पासून संगीत महोत्सव भरतो. बांबूचे मंच, चिखलात नाचणारी पोरं. मी तासाभरात परतलो. कंबर दुखत होती, खोटं कशाला बोलू?

2009 साली सुट्टी काढून गोव्याला गेलो होतो. कांदोळीच्या किनाऱ्यावर तीन रात्री स्पीकरला चिकटून. आज डाव्या कानात सतत शीळ वाजते. रेंजवरच्या फायरिंगची किती आणि त्या रात्रींची किती, कोण सांगणार?

तेव्हा शेजारी नाचणारे माझे दोस्त आता ग्रुपवर लिहितात, "ही थेरं बंद करा, संस्कृती बुडाली." अरे, आपले गुडघे गेले, संस्कृती नाही! आणि गणपतीत डीजेपुढे कोण नाचतं? मागायचंच तर रात्री दहानंतर आवाज बंद करा म्हणा. नियम 2000 सालापासून आहे, मिरवणुकीलाही तोच.

पुतण्या डिसेंबरात गोव्याला चाललाय. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी समजवा." मी त्याला फायरिंगचे इअरप्लग पाठवलेत.