रुपयाचा मालक कोण?



पगाराच्या नोटा आपण दोनदा मोजतो. पण या कागदाला पैसा ठरवतो कोण, हे कधी विचारतो काय?

गिरणीमालक? नाही. राज्य सरकार? तेही नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का होता, तसा आता एखाद्या राज्याला वेगळा सिक्का पाडता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूची आहे. तिच्यातली ३६ वी नोंद चलनाची नि नाण्यांची. म्हणजे त्यावर कायदा करायचा हक्क एकट्या संसदेचा!

मग रिझर्व्ह बँक कोण? ती १९३४ च्या कायद्याने जन्मली, १९४९ साली सरकारच्या मालकीची झाली. नोटा काढायचा हक्क तिला त्याच कायद्याच्या २२ व्या कलमाने दिला. नाणी नि एक रुपयाची नोट केंद्र सरकार काढते. म्हणून त्या नोटेवर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते. बँक ही मुखत्यार आहे. मुखत्यारपत्र संसदेचं, आणि संसद आपल्या मतांची.

आता हिशेब बघा. १९७८ साली हजार आणि त्यावरच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आधी वटहुकूम निघाला, मागून संसदेने कायदा केला. ८ नोव्हेंबर २०१६ ला मात्र २६ व्या कलमाखाली नुसती अधिसूचना निघाली. पाचशे नि हजारच्या नोटा रातोरात बाद! चलनातल्या एकूण रकमेपैकी शेकडा ८६ रक्कम त्या नोटांत होती. खाडे करून रांगेत उभं कोण राहिलं? हातावर पोट असलेला माणूस.

२ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ती कारवाई कायदेशीर ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं: सरकारच्या मनात असा बेत असेल, तर तो कायदा करूनच पार पाडला पाहिजे.

निकाल आम्ही मानतो. पण कायदा बदलायचा हक्क संसदेचा शाबूत आहे. काही म्हणतील, असली कामं गुप्तच ठेवावी लागतात. ठीक! मग वटहुकूम काढा. तोही शेवटी संसदेपुढे आणावाच लागतो, तिथे जाब द्यावाच लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे: सरकारला नोटा रद्द करायच्या असतील, तर संसदेची मंजुरी सक्तीची करा. २६ व्या कलमात तशी दुरुस्ती करा. मत मागायला चाळीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा, आणि चारचौघांत उत्तर घ्या.

घामाचा पैसा आपला, तर त्याचा जाब विचारायचा हक्कही आपलाच!