रोग्याचे गुपित आणि उद्याचा चोर

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने नोंदी लिहून कारभार चालवावा लागला. तो खोळंबा सर्वांना दिसला. परंतु जिचा गाजावाजा होत नाही अशी चोरी याहून घातक होय. रोग्यांच्या नोंदी कुलूपबंद स्थितीतच उचलून न्यावयाच्या आणि कुलूप उघडण्याचे साधन हाती येईपर्यंत जपून ठेवावयाच्या, असा हा डाव आहे.

ते साधन म्हणजे क्वांटम संगणक. आरएसए या प्रचलित कूटपद्धतीचे सारे बळ प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे दुष्कर असते, यावरच उभे आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक ते काम झटपट उरकील, हे पीटर शोर या गणितज्ञाने १९९४ मध्येच दाखवून दिले. तसा संगणक अद्याप उभा राहिलेला नाही हे खरे. पण बँकेचा परवलीचा शब्द बदलता येतो, तसा जडलेला रोग किंवा आनुवंशिक दोष बदलता येत नाही. आज विशीत असलेल्या रोग्याचे गुपित पन्नास वर्षे तरी गुपितच राहिले पाहिजे.

उपाय हाताशी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणारी तीन मानके प्रसिद्ध केली. आपल्याकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियानाखाली नागरिकांना चौदा अंकी आरोग्य क्रमांक दिले जात आहेत, आणि २०२३ मध्ये क्वांटम संशोधनासाठी सुमारे ६००० कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली. नागरिकांच्या नोंदी एकत्र जोडणाऱ्या शासनावर त्या राखण्याचीही जबाबदारी येते.

लहान रुग्णालयांना हा खर्च झेपेल काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कोठे कोणते कूट वापरात आहे याची मोजदाद आधी व्हावी, यापुढील प्रत्येक खरेदीत नव्या मानकांची अट असावी, आणि लहान संस्थांना सरकारने साह्य द्यावे. नव्या कुलपाने निष्काळजीपणा झाकला जाणार नाही, हेही विसरू नये.

रोगी वैद्यापाशी मन मोकळे करतो ते विश्वासावर. त्याच्या नोंदी एकदा चोराहाती गेल्या, की मागाहून केलेला कोणताही कायदा त्या परत आणू शकणार नाही.